पाऊस येतो कोठून आणि जातो कोठें?
(भुशी येथें पालकांच्या सभेंत दिलेलें व्याख्यान)



लावणीची घाई सोडून, भिजत आपण इतके जण आलांत, तेव्हां फार वेळ घेत नाहीं. मागल्या वैशाखांत विहिरीवर हंड्यांची रांग लागली होती. एका आजीबाईंनीं आम्हांस विचारलें, "मास्तर, चार महिने चिखलांत बुडतों आणि आतां घोटभर पाणी नाहीं, ही देवाची कसली रीत?" त्यांना उत्तर देणें आमच्याकडे राहिलें आहे.

उन्हाळ्यांत जमीन लवकर तापते, समुद्र सावकाश. तापलेली हवा हलकी होऊन वर जाते व तिच्या जागीं समुद्रावरचा वारा धांवत येतो. अरबी समुद्राची वाफ घेऊन तो नैर्ऋत्येकडून येतो आणि सह्याद्रीला अडतो. मग त्याला घाट चढावा लागतो. चढतां चढतां हवा निवते, आणि निवलेल्या हवेला तेवढी वाफ पेलत नाहीं. भाताच्या झांकणीला थेंब कां धरतात, हें आमच्या भगिनींस सांगावयास नको. लोणावळ्यास वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो तो यामुळेंच. घाट ओलांडून वारा उतरणीस लागला कीं पुन्हां तापतो. म्हणून पंधरा-सोळा कोसांवरच्या पुण्यास सुमारें सातशें, आणि पुढें बारामती-इंदापुरास पांचशेंच्या आसपास. अनुष्ठान बसवून, दक्षिणा वाटून डोंगर हलता, तर तिकडच्या शेतकऱ्यांनीं तो केव्हांच हलविला असता!

आश्विन-कार्तिकांत जमीन निवते, वारा उलटतो. ईशान्येचा हा वारा बंगालच्या उपसागरावरून जातो, म्हणून मद्रासकडे त्या दिवसांत पाऊस. आपल्याला मात्र तो कोरडाच. सबंध हिंदुस्थानच्या पावसाचा सुमारें तीन चतुर्थांश भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. आमचा तर जवळजवळ सगळाच.

म्हणजे, आजीबाई, देवाचा दोष नाहीं. आमचा खडक काळा, उतार उभा; पाणी थांबत नाहीं. ज्यांना गरज होती त्यांनीं तें थांबविलें. वाफेच्या इंजिनांसाठीं रेल्वेनें भुशीचें धरण बांधलें. टाटांनीं वळवणला पाणी अडविलें, आणि १९१५ पासून तें खोपोलीस खालीं सोडून वीज काढली. वाऱ्यानें घाट चढवून आणलेलें पाणी नळांतून पुन्हां घाट उतरलें! इंजिनें गेलीं; धरणावर आतां पाहुण्यांची जत्रा भरते. वाड्यांवरचे हंडे मात्र रिकामे.

डोंगरउतारावर ताली-बंधारे घालून पाणी जिरवावें, असें जोतीराव फुल्यांनीं 'शेतकऱ्याचा असूड' मध्यें १८८३ सालीं लिहून ठेवलें आहे. तें आम्ही मुलांस वाचून दाखवितों; पण नुसतें वाचून विहिरीला पाणी येत नाहीं.

भाताची झोडणी झाली कीं शाळेमागच्या ओढ्यावर दगडमातीचे तीन बांध घालावयाचे आहेत. ज्यांच्या घरीं पहार, कुदळ, घमेलें असेल त्यांनीं जातांना फळ्यावर नांव लिहावें. ज्यांना लिहितां येत नाहीं त्यांचें नांव त्यांचीं मुलें लिहितील.