घर पाहिल्याशिवाय पैसे नाहीत



मागे आमच्या बचत गटाच्या बैठकीला एक ताई रडवेल्या होऊन आल्या. त्यांची लेक नर्स आहे. जर्मनीत नोकरीला लागून तिला चार महिने झाले होते. रुग्णालयाने दिलेली खोली सहा महिन्यांपुरतीच, म्हणून ती भाड्याचं घर शोधत होती. मोबाइलवर तिला एक घर दिसलं. भाडं कमी, फोटो झकास. मालक म्हणाला, "मी परगावी आहे. १५०० युरो अनामत पाठवा, किल्ली कुरिअरने येईल. दोन दिवसांत पैसे आले नाहीत तर घर दुसऱ्याला."

आपल्या पैशात दीड लाखाच्या आसपास रक्कम. पोरीजवळ निम्मेच होते. ताई म्हणाल्या, "बाकीचे गटातून द्या, नाहीतर मी गळ्यातलं गहाण टाकते."

आम्ही सगळ्या गप्प. मग अध्यक्षबाईंनी एकच विचारलं, "घर आतून कुणी बघितलंय का?"

कुणीच नाही. अध्यक्षबाई म्हणाल्या, "अगं, गटातून शेळीला कर्ज मागितलं तरी आपल्यातल्या दोघी जाऊन शेळी बघून येतात. हे तर घर आहे."

त्याच रात्री लेकीला फोन केला. दुसऱ्या दिवशी ड्यूटी संपल्यावर ती तिथल्याच एका सहकारी बाईला घेऊन त्या पत्त्यावर गेली. घर होतं, पण त्यात एक कुटुंब राहत होतं. आपलं घर भाड्याने निघालंय हे त्यांच्या गावीही नव्हतं! फोटो कुठून तरी उचललेले. पैसे गेले असते तर परत मिळाले नसते.

यात पोरीला बोल लावू नका. तिने कितीतरी घरमालकांना लिहिलं होतं, उत्तरं आलीच नव्हती. आपल्याकडे बँक जसं सिबिल बघते, तसं तिथे घरमालक शुफा नावाचा दाखला मागतात. माणूस देणी वेळेवर देतो का, ते त्यात कळतं. नव्याने आलेल्या माणसाची तिथे नोंदच नसते. दारं बंद दिसली की माणूस घाईला येतं, आणि फसवणारा त्या घाईवरच टपलेला असतो.

२०२४ साली महाराष्ट्र शासनाने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. म्हणजे आपल्या गावांतली आणखी मुलं-मुली तिकडे जातील. म्हणून लेकीकडून समजलेल्या चार गोष्टी सांगतो.

पहिली, भाडं दोन तऱ्हेचं असतं. 'काल्टमीटे' म्हणजे नुसत्या घराचं भाडं. 'वार्ममीटे' म्हणजे त्यात घर गरम ठेवण्याचा, पाण्याचा, कचऱ्याचा खर्च धरलेला. वीज बहुधा वेगळी. आकडा ऐकला की कुठलं भाडं ते विचारायचं. पुष्कळ घरांत ओटा, शेगडीसुद्धा नसते, तेही आधीच विचारायचं.

दुसरी, अनामत. कायद्याने ती तीन महिन्यांच्या काल्टमीटेपेक्षा जास्त घेता येत नाही. भाडेकरूला ती तीन मासिक हप्त्यांत देण्याचा हक्क आहे, आणि पहिला हप्ता भाडेकरार सुरू होताना द्यायचा असतो. म्हणजे एकदम दीड लाख पाठवण्याची गरजच नव्हती.

तिसरी, पत्त्याची नोंद. राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत सरकारी कार्यालयात पत्ता नोंदवावा लागतो. त्यासाठी घरमालकाने सही करून कागद द्यायचा असतो. "राहा, पण नोंद करू नका" असं कुणी म्हणालं तर तिथून उठायचं.

चौथी, किल्ली हातात घेताना भिंती, नळ, खिडक्या यांची स्थिती कागदावर लिहून दोघांनी सह्या करायच्या, फोटो काढायचे. घर सोडताना अनामत परत मागायला हाच पुरावा. आणि घर सोडायचं तर साधारण तीन महिने आधी, कागदावर सही करून कळवावं लागतं. फोनवर सांगितलेलं चालत नाही.

शुफाची नोंद नसली तरी नोकरीचं करारपत्र आणि पगाराच्या पावत्या दाखवता येतात. ताईंच्या लेकीने तेच दाखवलं. तिला दोघींबरोबर सामाईक घरात एक खोली मिळाली. अनामत तीन हप्त्यांत, तिच्याच पगारातून. ताईंचं गळ्यातलं गळ्यातच राहिलं.

त्या महिन्यात आम्ही इतिवृत्ताच्या वहीत एक ठराव लिहिला: लेकरू पुण्याला असो की परदेशी, घर कुणी तरी डोळ्यांनी पाहिल्याशिवाय अनामतीला कर्ज नाही. मैत्रिणींनो, तुमच्याही वहीत लिहून ठेवा. आणि परदेशातून लेकीचा घाईचा फोन आला तर रागावू नका. शांतपणे एवढंच विचारा, "बाळा, घर बघितलंस का?"