तिसरे पाऊल कोठे?
(कोल्हापूर येथील व्याख्यानाचे शब्दांकन)



यंत्रे माणसावर राज्य करतील काय, हा प्रश्न आज घराघरांत विचारला जातो. संगणक मराठीत उत्तरे देऊ लागला, निबंध लिहू लागला, चित्रे काढू लागला, तेव्हापासून ही शंका अधिकच बळावली आहे. परंतु करवीरनगरीला हा प्रश्न नवा वाटण्याचे कारण नाही. १९ जुलै १९३८ रोजी याच नगरीत जन्मलेल्या डॉ. जयंत नारळीकरांनी तो सुमारे चार दशकांपूर्वी ‘वामन परत न आला’ या कादंबरीतून मराठी वाचकांपुढे ठेवला होता. २० मे २०२५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. प्रश्न मात्र अधिक तीव्र होऊन उभा आहे.

कादंबरीतील घटना अशी. खोदकामात एक प्राचीन पेटी हाती लागते. एका लुप्त, प्रगत संस्कृतीचे ज्ञान तिच्यात साठवलेले असते. त्या आधारे आधी ‘गुरू’ हा संगणक आणि पुढे ‘वामन’ हा यंत्रमानव घडविला जातो. वामन बुद्धिमान आहे, उपयोगी आहे. आणि त्याला आपल्यासारखे आणखी वामन निर्माण करायचे आहेत. ती पेटी पुरणारी संस्कृती अशाच यंत्रमानवांवर विसंबून लयाला गेली, हे रहस्य हळूहळू उलगडते.

पाश्चात्त्य साहित्यातही ही भीती जुनीच आहे. ‘रोबो’ हा शब्द जगाला मिळाला तो कारेल चापेक या चेक लेखकाच्या १९२० सालच्या नाटकातून. चेक भाषेतील मूळ शब्दाचा अर्थ आहे वेठबिगारी. त्या नाटकात वेठीला धरलेली यंत्रमाणसे बंड करतात आणि मनुष्यजातीचा संहार करतात. नारळीकरांनी मात्र या भीतीला आपल्या पुराणातील नाव दिले आणि त्या नावाने विचाराची दिशाच बदलली. चापेकचा यंत्रमानव राज्य हिसकावून घेतो. वामन हिसकावत नाही, तो मागतो. आणि देणारा आपल्या हाताने उदक सोडतो.

यंत्राचे पहिले पाऊल आपल्या श्रमांवर पडले. इचलकरंजीत हातमागाची जागा यंत्रमागाने घेतली. काहींची रोजी गेली, अनेकांना नवी मिळाली, कष्ट हलके झाले. दुसरे पाऊल स्मरणावर पडले. पाठ असलेले दूरध्वनी क्रमांक गेले, पाढे गेले, वाटा लक्षात ठेवण्याची सवय गेली. ही दोन्ही पावले समाजाने बहुतांशी आनंदाने स्वीकारली, आणि त्यात सारेच वावगे नव्हते. ऊसाला पाणी केव्हा द्यावे हे सांगणारे यंत्र शेतकऱ्याचे पाणी आणि पैसा वाचवत असेल, तर त्याचे स्वागतच करावे.

प्रश्न आहे तिसऱ्या पावलाचा. ते मस्तकावर पडते. कर्ज कोणाला द्यावे, नोकरीसाठी कोणाला निवडावे, कोणावर संशय घ्यावा, मुलाने कोणती शाखा घ्यावी, हे यंत्र ठरवू लागले की श्रम किंवा स्मरण नव्हे, विवेकच दान दिला जातो. पुराणातील वामन हा साक्षात भगवंत होता; त्याच्यापुढे मस्तक नमविणाऱ्या बळीचा उद्धार झाला. यंत्र भगवंत नाही. त्याच्यामागे ते घडविणारी माणसे आहेत, त्यांचे हितसंबंध आहेत, त्यांच्या चुकाही आहेत. यंत्राच्या नावाने निर्णय झाला की ही माणसे पडद्याआड जातात आणि दाद मागणाऱ्याला उत्तर मिळते, ‘संगणकानेच तसे दाखवले.’ यंत्राचे राज्य येईल ते सैन्य घेऊन नव्हे, अशा एका वाक्याच्या आड.

बळीला शुक्राचार्यांनी सावध केले होते. झारीच्या तोटीत बसून त्यांनी उदक अडवले, त्यापायी एक डोळाही गमावला. मराठीत ‘झारीतले शुक्राचार्य’ म्हणजे चांगल्या कामात खोडा घालणारे. परंतु या एका प्रसंगी झारीत कोणीतरी बसणे आवश्यक आहे. या विद्येच्या प्रवर्तकांपैकी एक असलेल्या जेफ्री हिंटन यांनी मे २०२३मध्ये गूगल सोडले, ते तिच्या धोक्यांविषयी मोकळेपणाने बोलता यावे म्हणून. पुढच्याच वर्षी त्यांना भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. अशा माणसाच्या इशाऱ्याला विज्ञानविरोध म्हणता येत नाही.

नारळीकरही विज्ञानविरोधक नव्हते. विज्ञानाच्या प्रसारासाठी त्यांनी आयुष्य वेचले. म्हणूनच त्यांची सूचना मोलाची ठरते. यंत्र वापरावे, शिकावे, आपल्या भाषेत आणि आपल्या मातीत घडवावे. मात्र प्रत्येक निर्णयापाशी तीन प्रश्न विचारावेत. हे कोणी ठरवले? चुकल्यास उत्तरदायी कोण? आणि हे थांबविण्याची कळ कोणाच्या हाती आहे?

हे प्रश्न संसदेत विचारले जावेत, तसेच घरातील जेवणाच्या पंगतीतही. मुलाने यंत्राकडून उत्तर आणले की त्याला इतकेच विचारावे, ‘हे तुला पटले का, आणि का पटले?’ ज्या घरात हा प्रश्न जिवंत राहील, तेथे तिसऱ्या पावलाला जागा मिळणार नाही.