सर्पगंधेची गोळी

बिहारच्या बाजारात एक मूळ ‘पागल की दवा’ म्हणून विकलं जायचं. ते सर्पगंधेचं. कोलकात्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्ये वेड आणि रक्तदाब या दोन्हींवरचं औषध म्हणून त्याविषयी लिहिलं. जगानं मनावर घेतलं नाही.

मग मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील पुढे आले. सर्पगंधेनं रक्तदाब उतरतो, हे सांगणारा त्यांचा लेख १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये छापून आला. तीनच वर्षांत बासेलच्या सिबा कंपनीनं तिच्यातलं रिसर्पिन वेगळं काढलं. न्यूयॉर्कच्या नेथन क्लाइन यांनी ते मनोरुग्णांना दिलं आणि थैमान घालणारे रुग्ण शांत होऊ लागले. १९५७ च्या लास्कर पारितोषिकाच्या यादीत वकील आणि क्लाइन दोघेही होते.

पण मेंदूतल्या पेशी सेरोटोनिन, डोपामिन अशी रसायनं साठवतात. रिसर्पिन ती साठवणच रिकामी करतं. त्यामुळे नाक चोंदणं, सुस्ती आणि रक्तदाब नको इतका उतरणं आलं. डोपामिन घटलं की हात थरथरतात, चाल आखडते, अगदी कंपवातासारखी. काहींना तर गाढ उदासी आली. याच तक्रारीवरून नैराश्याचा आणि मेंदूतल्या रसायनांचा संबंध शास्त्रज्ञ शोधू लागले, हे विशेष.

पुढे मनोविकारांवरच्या क्लोरप्रोमाझिन या दुसऱ्या औषधापुढे रिसर्पिन मागे पडलं. थरथर आणि आखडणं मात्र त्या औषधानंही आणलंच. अशी लक्षणं दिसली तर गोळी परस्पर बंद न करता डॉक्टरांना सांगावं. ते मात्रा कमी करतात किंवा औषध बदलतात.