जॅग्वार कीं पोर्शे?



जुन्या मोटारींचा संग्रह म्हणजे धनिकांचा पोरखेळ, असें पुष्कळांस वाटतें. गाडी विकत घेण्यास धन लागतें हें खरें. पण ती चालती ठेवण्यास रसिकता आणि चिकाटीच लागते. म्हणून संग्राहकास एकच गाडी घ्यावयाची झाल्यास कोणती घ्यावी, याचा आज विचार करूं. माझ्यापुढें दोन नांवें आहेत : इंग्लंडची जॅग्वार ई-टाइप आणि जर्मनीची पोर्शे ९११. पुणेकरांस हीं घराणीं अगदींच परकीं नाहींत. जॅग्वार २००८ सालीं टाटांच्या मालकीची झाली. पोर्शे ज्या फोक्सवॅगन समूहांतली, त्याचा कारखाना २००९ सालीं चाकणला सुरू झाला.

ई-टाइप १९६१ सालीं जिनीव्हाच्या प्रदर्शनांत प्रथम दिसली. तिची आकृति माल्कम सेअर यांची. विमानांच्या कारखान्यांत काम केलेल्या या गृहस्थांनीं हवेचा विरोध गणितानें जोखून ती रेखिली. लांबसडक नाकाखालीं सहा सिलिंडरांचें ३.८ लिटरचें एंजिन; कंपनीच्या सांगण्याप्रमाणें शक्ति २६५ अश्वांची. पुढें तिच्यांत बारा सिलिंडरही आले, आणि १९७० नंतरच्या त्या दशकाच्या मध्यास ती निघावयाची थांबली.

पोर्शे १९६३ सालीं फ्रँकफुर्टला ९०१ या नांवानें आली. मधल्या शून्यावर प्यूजोनें हक्क सांगितल्यानें तिचा आंकडा बदलला. एंजिन दोनच लिटरचें, १३० अश्वशक्तीचें, मागच्या चाकांच्याही मागें बसविलेलें आणि पाण्याऐवजीं हवेनें थंड होणारें. ऐन वळणावर चालकानें वेग एकदम सोडला, तर मागचा भार गाडीस बाहेर फेकूं पाहतो. कारखान्यानें मूळ कल्पना टाकली नाहीं. १९६८ सालीं मागचीं चाकें सुमारें सहा सेंटिमीटर मागें नेऊन तोल सुधारला. अशा सुधारणा पचवीत ९११ आजही तयार होते.

आतां पुण्याची गोष्ट. वैशाखांत लक्ष्मी रस्त्याच्या गर्दींत ई-टाइपचें पाणी तापतें. पोर्शेंत उकळावयास पाणीच नाहीं. चार महिन्यांचा पाऊस मात्र दोघींचाही वैरी. म्हणून ग्राहकानें रंगाच्या झळाळीस न भुलतां आधीं गाडीखालीं वांकून पत्रा गंजला आहे काय तें पाहावें. आणखी एक गोष्ट. २०२१ च्या नियमांप्रमाणें पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपांतल्या गाडीसच ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी मिळते. तेव्हां गाडीला आपल्या सोयीसाठीं बदलण्यापेक्षां आपल्याला सोसेल अशीच गाडी निवडणें शहाणपणाचें.

झांकून ठेवलेली मोटार टिकत नाहीं. तिचें रबर वाळतें, ब्रेक धरतात, पेट्रोल नासतें. जी गाडी दर रविवारीं पहांटे सिंहगडाच्या वाटेला लागेल, तीच खरी जतन होते. सौंदर्याचा प्रश्न असेल, तर माझें मन निःशंकपणें जॅग्वारकडे धांवतें. पण घरीं आणावयाची एकच असेल, तर माझें मत पोर्शेला. कारण तिला बाहेर काढतांना मालक कां-कूं करणार नाहीं.