परडीत पीठ आणि पोरावर पट्टा

(जेऊर, ता. करमाळा येथील व्याख्यान)



मंगळवारी, शुक्रवारी परडी घेऊन दारी येणारा जोगता सोलापूर जिल्ह्याला नवा नाही. अंगावर लुगडे, गळ्यात कवड्यांची माळ, कपाळी भंडारा. घरची गृहिणी त्याच्या परडीत पीठ घालते, त्याला नमस्कार करते. पण तोच स्वभाव पोटच्या मुलात दिसू लागला, की त्याच घरात पट्टा निघतो. या दुहेरी वर्तनाचा मुलाच्या मनावर काय परिणाम होतो, याचा विचार आज करावयाचा आहे.

सौंदत्तीच्या यल्लम्माने अशा अनेकांना आसरा दिला, हे मान्य केले पाहिजे. गावाने ज्याला हिणवले, त्याला देवीच्या नावाने मान मिळाला. आपण पापी आहोत या भावनेच्या जागी देवीने आपल्याला निवडले, ही भावना आली. खचलेल्या मनाला हा आधार लहान नाही. परंतु त्याचे मोलही जबर आहे. घर सुटते, शिक्षण सुटते आणि पुढचे आयुष्य जोगव्यावर काढावे लागते. इच्छेविरुद्ध लादलेले जोगतेपण ही केवढी कोंडी असते, ते २००९ च्या ‘जोगवा’ चित्रपटाने मराठी प्रेक्षकांना दाखविलेच आहे.

समलिंगी तरुण-तरुणींना तर परंपरेत एवढीही जागा नाही. त्यांचे दुःख चेहऱ्यावर दिसत नाही. ते गुपचूप नवस बोलतात, उपवास धरतात. तरीही मन बदलत नाही, तेव्हा आपलीच भक्ती उणी पडली, असा अपराधभाव घर करतो. त्यातून निद्रानाश, नैराश्य, प्रसंगी आत्मघाताचे विचार येतात. लग्न झाले की सारे सुरळीत होईल, या समजुतीपायी आणखी एका निरपराध जिवाची फरफट होते.

जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्येच समलैंगिकता आजारांच्या यादीतून वगळली. आपल्या देशाच्या २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानुसार, समाजाच्या नीतिकल्पनांशी वा धर्मश्रद्धांशी न जुळणे एवढ्यावरून कोणालाही मनोरुग्ण ठरविता येत नाही. प्रौढांच्या परस्परसंमतीचे असे संबंध गुन्हा नाहीत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी दिला.

धर्माची आडकाठी सांगणाऱ्यांनी आपलाच वारसा आठवावा. आपण अर्धनारीनटेश्वर पूजतो. विराटाने आपली कन्या नृत्य शिकण्यासाठी बृहन्नडेच्या हाती सोपविली. शिखंडी पांडवांच्या सैन्यात लढला. २०१९ च्या प्रयागराज कुंभात किन्नर आखाड्याने जुना आखाड्यासमवेत स्नान केले.

तेव्हा मुलाने वा मुलीने धीर करून काही सांगितले, तर भगताकडे धाव घेऊ नये, स्थळे पाहू नयेत, शाळा-कॉलेज बंद करू नये. आधी ऐकून घ्यावे. मन फारच खचले असेल, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यावे. शासनाची ‘टेलि-मानस’ ही विनामूल्य दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर २०२२ पासून सुरू आहे. आणि गणपतीत आरतीचे तबक भावंडांप्रमाणेच त्याच्याही हाती द्यावे. आपले घर आणि आपला देव तुटलेला नाही, एवढे त्याला कळले तरी पुष्कळ आहे.