आवारातील हवा आणि माती
(महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसमोरील भाषण)



महाविद्यालयाचे आवार ही एक लहानशी परिसंस्थाच होय. डांबरी रस्ता, कडुनिंबाची सावली, उघडे क्रीडांगण आणि बागेतील ओली माती यांवर तळपणारा सूर्य एकच. तापमान मात्र चार तऱ्हांचे.

हवेचे तापमान मोजण्याची रीत ठरलेली आहे. पांढऱ्या, झडपांच्या स्टीव्हन्सन पेटीत जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर तापमापक ठेवतात. पेटीचे दार उत्तरेकडे असते. मातीसाठी ५, १० आणि २० सेंटिमीटर खोलीवर तापमापक बसवितात. उन्हाळ्यात दुपारी उघड्या जमिनीचा पृष्ठभाग हवेपेक्षा कितीतरी अधिक तापतो. पण ती उष्णता खाली उतरते संथपणे. खोली वाढेल तशी कमाल तापमानाची वेळ लांबत जाते आणि चढउतारही मंदावतो. मीटरभर खाली दिवस आणि रात्र यांतील फरक जवळजवळ जाणवतच नाही. बी रुजते ते वरच्या काही सेंटिमीटरांत. म्हणूनच शेतीला हवेच्या आकड्याइतकाच मातीचा आकडाही मोलाचा.

नोंदवहीत एखादा आकडा विसंगत दिसला की शेजारच्या गटाच्या आकड्याशी तो ‘जुळवून’ घेण्याचा मोह होतो. या बाबतीत डॉ. एल. ए. रामदास यांचे उदाहरण ध्यानात ठेवण्याजोगे आहे. हवामान खात्याचा कृषी हवामान विभाग पुण्यात १९३२ मध्ये सुरू झाला, तो त्यांच्याच नेतृत्वाखाली. निरभ्र, निवांत रात्री सर्वांत थंड हवा जमिनीला लगटून असते, अशी तोवरची समजूत. रामदास आणि त्यांचे सहकारी आत्मनाथन यांना मात्र उघड्या जमिनीपासून वीतभर ते हातभर उंचीवर किमान तापमान आढळले. ते त्यांनी १९३२ मध्ये प्रसिद्ध केले. मोजणीतच चूक असावी, अशी शंका पुष्कळांनी घेतली. पुढे इतरांच्या मोजणीतही तेच दिसले आणि तो थर ‘रामदास थर’ या नावाने ओळखला जाऊ लागला. त्याची कारणमीमांसा करण्यात बंगळूरचे शास्त्रज्ञ अनेक दशकांनंतरही गुंतले होते!

तेव्हा विसंगत आकडा खोडू नये. तापमापकावर ऊन पडले होते काय, माळ्याने आदल्या संध्याकाळी पाणी दिले होते काय, हे पाहून शेऱ्याच्या रकान्यात तसे लिहावे. माळ्याला विचारण्यात कमीपणा मुळीच नाही. आवाराची माहिती प्राध्यापकांपेक्षा त्यालाच अधिक असते.

तापलेली माती पहिल्या पावसाने निवते, त्या दिवसांच्या नोंदी सर्वांत बोलक्या. त्या सुमारास नेमकी सुट्टी असते. सबब नोंदी घेण्याच्या पाळ्या आताच वाटून घ्याव्यात.