बंद दारांमागची दिवाळी

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात झालेल्या भाषणाचा मजकूर)



दिवाळीच्या चार दिवसांत मुंबई-पुण्यातल्या कोणत्याही मोठ्या इमारतीचा जिना चढत गेले, तर प्रत्येक मजल्यावर दाराशी रांगोळी दिसते, वर आकाशकंदील दिसतो, चौकटीला झेंडूचे तोरण दिसते. दार मात्र लावलेले असते. काही दारांआड भरली घरे असतात, काही दारांआडची माणसे गावी गेलेली असतात आणि काही दारांआड एकच माणूस बसलेला असतो. बाहेरून पाहणाऱ्याला या तिन्ही दारांत काडीचाही फरक दिसत नाही. आजच्या भाषणाचा विषय त्या तिसऱ्या दारामागचा माणूस हा आहे. त्याच्या हाती आज मोबाइल आहे, भिंतीवर इंटरकॉम आहे, फाटकावर कॅमेरा आहे. ही यंत्रे त्याला माणसांपर्यंत नेतील काय, हा खरा प्रश्न आहे.

एकटेपणा ही ज्याची त्याची खाजगी व्यथा. राजकीय पक्षाच्या व्यासपीठावर तिचे काय काम, असे कोणी विचारील. परंतु ज्यांना समाजवादाशी काडीचे देणेघेणे नाही, त्या सरकारांनाही हा प्रश्न खाजगी मानणे परवडलेले नाही. ब्रिटनने २०१८ साली आणि जपानने २०२१ साली या कामाची जबाबदारी एकेका मंत्र्याकडे सोपविली. जागतिक आरोग्य संघटनेने २०२५ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालाचा अंदाज असा की, जगातील दर सहा माणसांमागे एकाला एकटेपणा ग्रासतो आणि त्यापायी दर वर्षी सुमारे ८ लाख ७१ हजार मृत्यू घडतात. जो विकार इतक्या माणसांना एकाच काळात जडतो, त्याची कारणे व्यक्तीच्या स्वभावात शोधणे म्हणजे कॉलऱ्याच्या साथीत रोग्याच्या पचनशक्तीला दोष देण्यासारखे आहे. विहीर कोठे बिघडली, हे पाहिले पाहिजे.

मुंबईपुरते बोलायचे तर ही विहीर मालमत्तेच्या व्यवस्थेत आहे. गिरणगावातल्या चाळी कोणी माणुसकीच्या उमाळ्याने बांधल्या नव्हत्या. कमीत कमी जागेत जास्तीत जास्त मजूर राहावेत, हा त्यांचा हेतू होता. १९२० नंतरच्या दशकात सरकारने उभारलेल्या बीडीडी चाळींतील खोली जेमतेम १६० चौरस फुटांची. तरीही त्या अपुऱ्या खोल्यांपुढे एक सामाईक गॅलरी होती, आणि त्या गॅलरीने मालकाच्या मनात नसलेले एक काम केले. एका दाराशी पणती लागली की शेजारच्या दाराला कळे. एका घरात चूल पेटली नाही, तर तेही कळे. १८९३ साली सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला, तेव्हा गिरगावच्या केशवजी नाईक चाळीने त्याला जागा दिली, ती याच रचनेच्या बळावर. १९८२ च्या गिरणी संपात सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले, तेव्हा उधार-उसनवारीने संसार तगले तेही याच गॅलऱ्यांतून. पुढे गिरण्यांच्या जमिनी विकल्या गेल्या आणि त्यांवर मनोरे उठले. मनोऱ्याच्या नकाशात गॅलरी नसते, कारण तेथे प्रत्येक चौरस फुटाला भाव असतो आणि सामाईक जागेचा भाव विक्रेत्याला वसूल करता येत नाही.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. चाळीचे गोडवे गाण्यात समाजवादी माणसाने रमू नये. सामाईक नळावर पहाटे रांग लावणारी स्त्रीच असे, आणि सामाईक संडासाची लाजही तिच्याच वाट्याला येई. सासुरवाशिणीचा उसासासुद्धा चार घरांना ऐकू जाई. वरळीच्या बीडीडी चाळींतच जानेवारी १९७४ मध्ये दलितांवर हल्ले झाले. गॅलरी सामाईक होती म्हणून जात विरघळली नव्हती. २०२५ च्या ऑगस्टमध्ये वरळीतील पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. त्या घराला स्वतःचे न्हाणीघर आहे, लावता येईल असे दार आहे, आणि हे दार श्रमिकाचा हक्कच होय. मागणी दार काढून टाकण्याची नाही. दार असूनही माणूस तुटू नये, अशी व्यवस्था उभारण्याची आहे.

आता यंत्राकडे वळू या. सणाच्या दिवसांत यंत्र एकाकी माणसासाठी काय करते? पहिले काम दूरच्या आप्ताला जवळ आणण्याचे. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी सात वाजता आई मोबाइलच्या पडद्यासमोर बसते, तेव्हा न्यूयॉर्कमधल्या मुलाकडे सकाळचे साडेआठ किंवा साडेनऊ वाजलेले असतात आणि तो कामाला निघालेला असतो. दहा मिनिटे बोलणे होते, नातवंडे हात हलवतात, पडदा विझतो. या दहा मिनिटांची थट्टा करू नये. त्यांच्या आधारावर पुष्कळ माणसे दिवस काढतात. परंतु पडदा विझल्यावर समोरच्या ताटातली करंजी कोणाला द्यायची, या प्रश्नाला त्या यंत्राजवळ उत्तर नाही. ते उत्तर समोरच्या दाराआड असते, आणि नेमके समोरच्या दाराशी बोलण्याची सवय मोडलेली असते.

दुसरे काम व्हॉट्सॲपवरच्या इमारतीच्या गटाचे. तेथे नरकचतुर्दशीला पहाटेपासून पणत्यांची शेकडो चित्रे फिरतात. दोनशे माणसांना एकाच वेळी पाठविलेली शुभेच्छा कोणालाच पाठविलेली नसते. त्याच गटात उरलेले दिवस वाहनतळावरून आणि पाळीव कुत्र्यांवरून भांडणे चालतात. तिसरे काम फाटकावरच्या ॲपचे. कोण आले, कोण गेले, मोलकरीण किती वाजता आत शिरली, याची ते मिनिटामिनिटाची नोंद ठेवते. पण चौथ्या मजल्यावरचे दार तीन दिवसांत उघडले नाही, हे त्याला सांगावेसे वाटत नाही. त्याची रचना माणसाला अडविण्यासाठी झालेली आहे, माणसाची विचारपूस करण्यासाठी नव्हे. यंत्र ज्याच्या मालकीचे, त्याच्या प्रश्नांची उत्तरे ते देते.

या एकटेपणाचा व्यापारही सुरू झाला आहे आणि त्याचा काळाबाजारही. ‘डिजिटल अरेस्ट’ या नावाने चाललेल्या फसवणुकीत पोलिसाचे सोंग घेतलेला भामटा वृद्धाला कॅमेऱ्यासमोर बसवून ठेवतो. कोणाला काही सांगू नका, कोणाला फोन करू नका, ही त्याची पहिली ताकीद असते. आयुष्याची पुंजी त्या काही तासांत नाहीशी होते. असली अटक भारताच्या कोणत्याही कायद्यात नाही, हे एक वाक्य सांगणारा शेजारी बाजूला असता, तर तो डाव पहिल्या पाच मिनिटांतच फसला असता. यावरून हे उमगावे की, शेजार ही केवळ भावनेची चैन नव्हे. ते संरक्षणाचे साधन आहे.

मग करावयाचे काय? समाजवादी चळवळीला या प्रश्नावर नवे हत्यार शोधण्याची गरज नाही. महाराष्ट्रात एक लाखाहून अधिक सहकारी गृहनिर्माण संस्था आहेत. १९६० च्या सहकारी संस्था कायद्याने त्यांची वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत व्हावयास हवी, म्हणजे बहुधा दिवाळीच्या काही आठवडे आधीच. या सभांत गळक्या गच्चीवर दोन तास चर्चा होते. त्यांतील पंधरा मिनिटे पुढील ठरावासाठी मागून घ्यावीत.

सणाच्या दिवसांत जे एकटे राहणार आहेत, त्यांची त्यांच्या संमतीने यादी करावी. प्रत्येकाला दोन शेजारी जोडून द्यावेत. एकट्या माणसाने सकाळी नऊपर्यंत शेजाऱ्याला एक मिस्ड कॉल द्यावा; त्याला खर्च नाही आणि त्यासाठी महागडा मोबाइलही लागत नाही. ज्याला मोबाइल जमत नाही, त्याने इंटरकॉम वापरावा. दहापर्यंत खूण आली नाही, तर शेजाऱ्याने फोन करावा, आणि फोन उचलला गेला नाही तर घंटी वाजवावी. ज्याची इच्छा असेल, त्याची एक किल्ली शेजाऱ्याकडे असावी. ज्येष्ठांसाठीचा १४५६७ आणि मानसिक आधारासाठीचा १४४१६ हे शासकीय क्रमांक उद्वाहकात ठळक लावावेत. यादी कागदावर, चिटणिसाच्या कपाटात राहावी. ती कोणत्याही कंपनीच्या हाती जाता कामा नये, कारण एकट्या वृद्धांची यादी हा चोराच्या दृष्टीने खजिनाच आहे. आणि व्हॉट्सॲपच्या गटावर त्या चार दिवसांत शुभेच्छांऐवजी निमंत्रणे जावीत: अमुक मजल्यावर सकाळी आठ वाजता फराळ आहे, यावे. यंत्राने दार ठोठवावे. आत मात्र माणसाने जावे.

या यादीत कोणाची नावे असावीत, ही खरी कसोटी आहे. एकाकी माणूस म्हटला की डोळ्यांसमोर सदनिकेचा वृद्ध मालक येतो. परंतु त्याच इमारतीत भाड्याने राहणाऱ्या नोकरदार मुली असतात, रात्रपाळीची परिचारिका असते. भाडेकरूला संस्थेत नाममात्र सभासदत्व मिळते, मत मिळत नाही. फाटकावरच्या खोपटात बारा तास बसणारा रखवालदार बिहारमधून किंवा नेपाळमधून आलेला असतो. छठ किंवा तिहार त्याच्या गावी साजरा होत असतो आणि तो इतरांच्या पाहुण्यांची नोंद करीत असतो. घरकामासाठी ठेवलेली मुलगी स्वयंपाकघरात निजते. ऐन भाऊबिजेला मिठाई पोहोचविणारा तरुण मागच्या लिफ्टने वर चढतो. इमारतीतील सर्वांत एकाकी माणसे कदाचित हीच असतील, आणि त्यांना सणाची सुट्टीच नाही. सणाच्या दिवशी पाळी लागली तर दुप्पट वेतन आणि बदली सुट्टी द्यावी, घरी बोलण्यासाठी रखवालदाराला एक तास मोकळा मिळावा, फराळाच्या निमंत्रणात त्याचे नाव असावे, हा ठरावाचा अविभाज्य भाग असला पाहिजे. तो वगळून केलेली व्यवस्था मालकांच्या सोयीची होईल, बंधुभावाची होणार नाही.

हे स्वप्नरंजन नव्हे. १९७२ साली महागाईविरुद्ध मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आणि त्यांच्या सहकारिणींनी स्त्रियांना हाक दिली, तेव्हा हजारो गृहिणी लाटणी आणि थाळ्या घेऊन रस्त्यावर आल्या. लाटणे हे घरात जुंपून ठेवणारे साधन. त्याच साधनाने त्यांनी घराची भिंत ओलांडली. पुढे मृणालताई आणि बाबूराव सामंत यांच्या पुढाकाराने गोरेगाव-दिंडोशीला नागरी निवारा वसाहत उभी राहिली, ती घर ही विक्रीची वस्तू नसून नागरिकाची गरज आहे, या विचारावर. त्या पिढीने चार भिंती मिळवून दिल्या. या पिढीचे काम त्या भिंतींच्या आतल्या माणसांना एकमेकांची खबर लागेल, असे करण्याचे आहे. लाटण्याच्या जागी आज मोबाइल आहे, इतकेच.

येत्या सर्वसाधारण सभेची सूचना आली की शिबिरातील प्रत्येकाने हा ठराव लेखी द्यावा. तो फेटाळला गेला, तरी आपल्या मजल्यापुरता अमलात आणण्यास कोणाच्या परवानगीची गरज नाही. त्या मजल्यावर सकाळी नऊला वाजणारा एक मिस्ड कॉल, उचलायचा नसला, तरी कोणीतरी जागे आहे, जिवंत आहे आणि कोणाला तरी त्याची काळजी आहे, एवढे सांगून जाईल. दिवाळीची सुरुवात तेथून व्हावी.